मुठीतला पदर

सुलक्षणाला बघायला दौंडचा मुलगा आला होता. रेल्वेत नोकरी, बोलणं लाघवी, सोबत फक्त आई. तळेगावच्या कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या सुलक्षणानं चहा दिला आणि एकच प्रश्न विचारला.

"ती जुनी कादंबरी वाचलीय म्हणालात ना? मग सांगा, नवरा घरात आला की तिच्यातली बायको गप्प का होते?"

"अगं, प्रश्न त्यांनी इचारायचे. तू कसली परीक्षा घेतीस!" आजी पुतळाबाईंनी कपाळाला हात लावला.

पण मुलगा खुलला. "सगळे म्हणतात, ती सोशिक आहे. मला न्हाई पटत. ती भ्यालेली आहे. नवरा दिसला की ती पदर मुठीत आवळते, असं लिहिलंय बघा. भ्यालेली बाई तस्संच करते. आमच्या आईचं मी लहानपणापासून बघतोय."

पुतळाबाईंचा जीव भांड्यात पडला. बाईमाणसाचं मन जाणणारा जावई मिळतोय, या आनंदात त्यांनी पेढ्यांचा पुडा सोडला.

"वडील फार तापट होते का?" सुलक्षणानं हळूच विचारलं.

"छे हो! वडील तर मी पाळण्यात असतानाच गेले. घरात पहिल्यापासून आम्ही दोघंच. व्हय ना गं, आई?"

त्यानं आईकडं मान वळवली. तिनं घाईघाईनं मान डोलावली. पुतळाबाईंची नजर तिच्या मुठीत आवळलेल्या पदरावर गेली, आणि त्यांनी पेढ्यांचा पुडा पुन्हा बांधून ठेवला.