दारातले बूट

"हे बूट कुणाचे, आजी?"

सरकारी कचेरीतून चौकशीला आलेला प्यो उंबऱ्याशीच थबकला. जमसूनबाईंच्या त्या एवढ्याशा खोलीच्या दारात पुरुषाचे काळे बूट होते. चकचकीत.

जमसूनबाईंचे गुडघे गेल्यापासून रस्त्यावरचे पुठ्ठे गोळा करून विकणं थांबलं होतं. शेगडीतल्या कोळशाच्या विटा संपत आल्या होत्या, आणि कोरियातल्या सोलची थंडी काय असते ते टेकडीवरच्या माणसांना विचारावं. पण बाई कायद्याने गरीब नव्हत्या! त्यांचा मुलगा गीचोल नदीपलीकडे मोठ्या कंपनीत साहेब होता. कायदा म्हणायचा, तो पोसेल. तो पोसत नाही, कित्येक वर्षांत त्याने तोंडही दाखवलेलं नाही, हे कायद्याच्या गावीही नव्हतं. ते आईनेच सांगायचं. 'मुलाशी नातं तुटलं' एवढं म्हटलं, की दरमहा मदत सुरू.

"ते चोरांसाठी हो, साहेब!" शेजारची मालजा मध्येच ओरडली. ती सकाळपासून येऊन बसली होती. "एकट्या बाईच्या दारात पुरुषाचे बूट दिसले की चोर फिरकत नाही. माझ्या दारात बघा जाऊन. नवरा कधीच गेला, बूट अजून राखण करतायत. जिवंतपणी तर एवढंही केलं नाही मेल्याने!"

प्योला हसू आलं. "माझी आईपण ठेवते. बरं, आजी, एवढं एकच तुमच्या तोंडून ऐकायचंय. मुलगा येत नाही, फोन नाही, काही नातं उरलेलं नाही. हो ना? नुसतं हो म्हणा."

मालजाने जमसूनबाईंना कोपराने ढोसलं. हे वाक्य दोघींनी कालपासून घोकलं होतं. जमसूनबाईंनी तोंड उघडलं. मग बुटांकडे पाहिलं.

"येतो की," त्या म्हणाल्या. "दर रविवारी येतो. बूट त्याचेच आहेत."

"ताई!"

"तू गप बस."

प्यो खाली बसला. हळू आवाजात म्हणाला, "आजी, असं असेल तर काहीच मिळणार नाही. कळतंय ना तुम्हाला?"

"कळतंय. मुलगा आहे मला."

प्यो उठला. मग कमरेत वाकून नमस्कार करून टेकडी उतरून गेला.

तो वळणाआड होताच मालजा कडाडली. "डोकं फिरलंय तुझं! आता थंडीत काय जाळशील, हे बूट?" तिने रागाने एक बूट उचलला आणि बाहेर भिरकावायला हात उगारला. हात तसाच राहिला. बुटाचा तळ कोरा होता, एक ओरखडा नाही. दुकानातली किमतीची चिठ्ठी अजून चिकटलेली.

"कचऱ्यातनं आणले म्हणाली होतीस ना गं?" मालजाचा आवाज एकदम उतरला. "कोळशाला पैसे नाहीत, आणि चोरासाठी नवे बूट?"

जमसूनबाईंनी तिच्या हातातून बूट घेतला. बाहीने पुसला आणि दुसऱ्या बुटाशेजारी ठेवला, नुकतंच कुणी घरात आल्यासारखा, टोक आत करून.

"चोरासाठी कुणी मापाचे घेतं का गं, मालजा?"