आई, घरी चल

तलासरीच्या शाळेत नूतनबाई सातवीला चिनी शिकवायच्या. कोणाच्या घरी वारली, कोणाच्या गुजराती, कोणाच्या मराठी; म्हणून पहिलं चिनी वाक्य ज्याने त्याने आपल्या मनाचं निवडायचं होतं. जमनाने निवडलं, "आई, घरी चल." आठवडाभरात तिने ते असं घोटलं, की बाईंनाही हेवा वाटावा.

शनिवारी शाळा सुटल्यावर ती बाईंना अच्छाडला दिसली. हायवेच्या कडेला उभी राहून, ट्रकांकडे तोंड करून तेच वाक्य म्हणत होती.

"कोणाशी बोलतेस गं?"

"आईशी. इथंच ट्रकखाली गेली ना ती. काकी सांगते, इथंच अडकलीय, बोलावून न्यायला पाहिजे."

"मग चिनीत कशाला?"

 

"वारलीत बोलावलं, मराठीत बोलावलं, वर्गातल्या नविनकडून शिकून गुजरातीतही बोलावलं. येतच नाही, बाई."