मामांचं काळं स्टूल

दोम्फे मामांनी आपला जुना ट्रान्झिस्टर, कंदील आणि बसायचं लाकडी स्टूल भाच्याला फोटोसाठी दिलं खरं, पण घानातल्या कुमासीत मामाच्या पश्चात सगळं भाच्याकडेच जातं, म्हणून ते दारातून हलायला तयार नव्हते. भाच्यानं, आदोमाकोनं, खिडकीला पोतं लावून एका फटीतून उजेड घेतला, वस्तू मांडल्या आणि कॅमेऱ्यातलं चित्र त्यांना दाखवलं.

"माझं स्टूल काळं का दिसतंय?"

"सावली आहे, मामा. बघणाऱ्याला हुरहूर वाटायला पाहिजे."

"मामाला मामा बनवू नकोस. आपल्या घराण्यात माणूस गेल्यावरच त्याचं स्टूल काजळीनं काळं करतात. हा फोटो चार नातेवाइकांनी बघितला, की माझ्या दारात सुतकाचे कपडे घालून उभे राहतील."

"अहो, स्पर्धेला पाठवायचाय."

"मग मला त्यात बसव. मी जिवंत आहे ते दिसू दे."

"स्पर्धा निर्जीव वस्तूंची आहे. माणूस दिसला की फोटो बाद."

"फोटो होऊ दे बाद. मी नाही व्हायचो," म्हणत मामा स्टुलावर बसले, आणि भाचा काहीतरी चलाखी करेल या संशयानं पापणीही न हलवता कॅमेऱ्याकडे बघत राहिले. आदोमाकोनं तसाच फोटो काढला; मामांशिवाय दुसरा त्यांनी काढूच दिला नाही, तेव्हा नाइलाजानं तोच स्पर्धेला गेला.



महिन्याभरानं परीक्षकांचं पत्र आलं: पहिला क्रमांक, आणि तो लाकडी म्हातारा कुठल्या दुकानात मिळाला, तेवढं कृपया कळवावं.