देव्हाऱ्यातली घंटी

लकवा झाल्यापासून सासूच्या हाताशी देव्हाऱ्यातली घंटी असायची. ती किणकिणली, की रोहिणीनं हातातलं टाकून पळायचं. नवरा नगरला कामावर गेला, की दुपारी घटकाभर ती भावानं दिलेल्या व्हिडिओ गेममधल्या एका चिवट राक्षसाशी लढायची. सासूला घास भरवताना त्या राक्षसाच्या खोड्या सांगायची. हा खेळ मध्येच थांबवता येत नाही; घंटी वाजली, की तिचा योद्धा उभ्या जागी मरायचा. आज मात्र घंटी वाजलीच नाही. राक्षस एका घावापुरता उरला, आणि रोहिणीची दमलेली बोटं चुकली. योद्धा पुन्हा मेला. ती आत गेली, तर चादर भिजलेली. म्हातारीनं धड हाताच्या मुठीत घंटी आवळून धरली होती. “मेला का गं त्यो राक्षस?” रोहिणी कोरडी चादर उलगडत म्हणाली, “व्हय आत्या, मेला.” म्हातारी आरतीला वाजवावी तशी घंटी खणखणवू लागली.