वीतभर अंतर

“तो मोबाईल आधी बंद करा, साहेब. मंग बांध वलांडा.”

आदिनाथने उचललेले पाऊल मागे घेतले. नांदूरघाटच्या माळावरील या शेतात मोबाईलचा टॉवर उभारायचा, एवढ्याच कामासाठी तो अंबाजोगाईहून तिसऱ्यांदा आला होता. पंचक्रोशीत याहून उंच जागा नव्हती आणि शेताचे मालक विरुपाक्षअप्पा संमतिपत्रावर सही करीत नव्हते.

त्याने फोन बंद करून सदऱ्याच्या खिशात टाकला.

“छातीवर नगं. पिशवीत घाला, आन् पिशवी हितंच बोरीला अडकवा.”

“एवढं कशासाठी, अप्पा?” पिशवी बोरीला अडकवीत आदिनाथने विचारले.

“आमच्या कारभारणीच्या, जगदेवीच्या छातीत यंत्र बसवलंय, काळजाला ठोका देणारं. मोबाईल जवळ आणायचा न्हाई, असं डागदरनं बजावलंय.”

अप्पांनी मान वळवली. शेताच्या टोकाला जुना बेल होता. त्याच्या बुंध्याआडून हिरव्या लुगड्याचा काठ दिसत होता.

“तिथे बसल्या आहेत का त्या?”

“लिंग हातावर घेऊन बसलीय. उठवायचं न्हाई.”

पूजेत मग्न असलेल्या त्या गृहिणीविषयी आदिनाथच्या मनात आदर दाटला. त्याचा आवाज आपोआप खाली आला. त्याने समजावून सांगितले, की यंत्र आणि मोबाईल यांत वीतभर अंतर राखले म्हणजे पुरे. डावीकडे यंत्र असेल तर फोन उजव्या कानाला लावावा, छातीवरच्या खिशात मात्र कधी ठेवू नये. टॉवर तर बेलापासून शंभर पावलांवर होणार. त्याचा उपद्रव कसला?

“वीत तुमची धरायची का माझी?” अप्पांनी विचारले.

आदिनाथ हसला. अप्पा हसले नाहीत.

“तुमचं यंत्र खिशात बसून बोंबलतं. तिचं सात साल झालं, मुकाट राबतंय. मी कुणाचं ऐकू?”

“डॉक्टरांनी एखादं कार्ड दिलं असेल ना?”

अप्पांनी बंडीच्या आतल्या खिशातून एक कार्ड काढले. हाताळून हाताळून त्याच्या कडा मऊ झाल्या होत्या. यंत्र बसविल्याचे साल १९९६. बॅटरीचे आयुष्य आठ वर्षे.

“अप्पा, हे २००३ चाललंय. पुढच्या वर्षी बॅटरी संपेल. आतापासूनच तयारीला लागा. नवी बसवून देतात.”

“तिला न्हाई बसवता येत नवी.” अप्पा बोटांच्या पेरांवर महिने मोजीत होते. “चैत्रापतुर चालंल का?”

“चालेल बहुधा.”

“मंग चैत्र सरू द्या. यंत्र थांबलं की या. तुमाला एका शब्दानं इचारणार न्हाई, सही करून देतो.”

आदिनाथ सुन्न झाला. आयुष्यभर संसार केलेल्या पत्नीचा शेवटचा महिना हा मनुष्य पंचांगातला मुहूर्त काढावा तसा शांतपणे काढीत होता. हातातले संमतिपत्र त्याला एकाएकी जड वाटू लागले. त्याने ते घडी करून खिशात ठेवले.

“यंत्र थांबल्यावर त्यांचं काय होईल, हे त्यांना ठाऊक आहे का?”

“तिच्यापासून काय लपवायचं? रोज बोलतो मी तिच्याशी.”

“मग मलाही बोलू द्या. मी त्यांना शहरात नेतो, डॉक्टरांना भेटवतो. टॉवर राहू द्या, मला तुमची सही नको.”

अप्पांच्या डोळ्यांच्या कडा ओलावल्या.

“लई चांगला हायस लेकरा,” ते म्हणाले. “चल. वहाणा काढ.”

त्यांनी पाण्याचा तांब्या उचलला. काकऱ्यांमधून अनवाणी चालत दोघे टोकाला पोहोचले. काय बोलायचे, ते आदिनाथ मनाशी जुळवीत होता. आई म्हणावे की काकू, एवढेच ठरायचे राहिले होते.

त्याने बेलाला वळसा घातला. समोर हिरवे लुगडे पांघरलेला मातीचा चौथरा होता; लिंगायत रीतीने, हातावर लिंग देऊन, बसवून पुरल्याची समाधी. उशाच्या दगडावर जगदेवीचे नाव होते, त्याखाली पाच वर्षांपूर्वीची मृत्युतिथी. आणि अप्पा गुडघे टेकून, डोळे मिटून, मातीला कान लावून ऐकत होते.