पांढरा थर

फ्रिजचं दार उघडलं आणि उस्ताद दूध घ्यायचंच विसरला.

खालच्या कप्प्यात, भाज्यांच्या शेजारी ठेवलेल्या बाटलीच्या तोंडाशी काहीतरी उगवलं होतं. काल पाहिलं तेव्हा तिथं नुसता पांढरा थर होता. आज टाचण्यांची डोकी होती. शेकडो! एकमेकींना खेटून, दाटीवाटीने. प्रत्येकीच्या खाली केसाएवढा देठ. तो उकिडवा बसला, डावा हात गुडघ्यावर आणि बँडेजमधला उजवा छातीशी. दार उघडं राहिलं म्हणून फ्रिज टूं टूं करायला लागला. करू दे.

"अगं ए! हातातलं टाक आणि आधी इकडे ये!"

बेकरीत सगळे त्याला उस्ताद म्हणत. भट्टी तोच सांभाळायचा. पीठ फुगताना त्याने आयुष्यभर पाहिलं होतं, पण ते उबेला. हे तर गारठ्यात वर आलं होतं. ना माती, ना ऊन, नुसता ओला भुसा. आणि दिवा फक्त दार उघडल्यावर लागणारा! त्याच्या अंगावर सरसरून काटा आला. "बापरे," तो पुटपुटला. "बापरे बाप."

बाटली मेहुणीने दिली होती. भट्टीपाशी पाय घसरून त्याचा उजवा हात तापलेल्या पत्र्यावर दाबला गेला, तेव्हापासून तो घरी बसून होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्यावर डाफरत होता. "भाऊजी, माणसांचं डोकं खाण्यापेक्षा ही एनोकी वाढवा," मेहुणी म्हणाली. एनोकी म्हणजे लांब, बारीक देठांची पांढरी अळंबी. बाटलीत भुसा ठासून भरलेला, आणि वर कापसासारखा थर. सोबतच्या कागदावर पहिलीच सूचना होती, की हा थर चमच्याने खरवडून काढा, पाणी द्या, मग थंडीत ठेवा. उस्तादाने पाणी दिलं, थंडीत ठेवलं. खरवडायला मात्र साफ नकार दिला.

"जिवंत आहे ते. जिवंत गोष्टीला चमचा लावायला मी काय कसाई आहे?"

हा टोमणा कुणाला होता ते बायकोला बरोबर कळलं. ती इस्पितळात भाजलेल्या रुग्णांच्या वॉर्डात नर्स होती, आणि घरी त्याचं ड्रेसिंग तीच करायची. डॉक्टरांनी बजावलं होतं, की जखमेवरची मेलेली कातडी रोज पुसून काढायची, नाहीतर खाली नवी धरणार नाही, बोटं आखडतील. आखडलेल्या बोटांनी पीठ मळता येत नाही. पण तिने ओला गॉझ टेकवला रे टेकवला, की हा घर डोक्यावर घ्यायचा. एके दिवशी त्याने हात हिसकावूनच घेतला. तेव्हापासून नुसतं मलम आणि नवी पट्टी. हट्टीपणात उस्तादाचा कुणी हात धरला नसता, आणि आता तर तो धरूच देत नव्हता. परवा डॉक्टरांनी बोटं वाकवून पाहिली आणि म्हणाले, "आणखी थोडे दिवस असंच चाललं, तर ही मूठ पुन्हा उघडायची नाही."

बायको ओले हात पुसत आली आणि त्याच्या शेजारी फरशीवर बसली.

"आई गं," ती एवढंच म्हणाली.

वॉर्डात तिने काय काय पाहिलं होतं, पण असं काही पाहिलं नव्हतं. दोघांची डोकी फ्रिजच्या उजेडात एकमेकांना टेकली. जोरात श्वास सोडायचीही भीती वाटत होती. किती आनंद झाला होता दोघांना! इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ती दोघं न भांडता शेजारी बसली होती.

मग उस्तादाला चेव आला.

"बघितलंस? खरवडलं नाही की काही नाही. आलं ना आपलं आपण? तुम्हा नर्स लोकांना प्रत्येक गोष्टीला टोचल्याशिवाय चैन पडत नाही. माझा हातही असाच बरा होणार. लिहून ठेव!"

बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याला वाटलं, हरली म्हणून.

"मी खरवडलं होतं," ती म्हणाली.

"काय?"

"तुम्ही अंघोळीला गेला होतात. सगळा थर काढला, भुसा दिसेपर्यंत. वाटलं, मारून टाकलं मी याला. बाटली भाज्यांआड सरकवली, दोन-चार दिवस तिकडे बघायची हिंमत होत नव्हती. मग परत पांढरं झालं, तुम्हाला पत्ताही लागला नाही." तिने पदराने नाक पुसलं. "वॉर्डात मी रोज हेच करते. लोक ओरडतात, मी थांबत नाही. तुम्ही ओरडलात की माझे हातच गळतात हो."

उस्ताद पुन्हा बाटलीकडे वळला. इवलीशी डोकी, ओली, चकचकीत. सगळं खरवडून काढलं होतं तिथूनच वर आलेली. त्याला आता त्यांची जवळजवळ भीती वाटली.

मग त्याने फ्रिजचं दार हलकेच लावलं. उठून टेबलापाशी बसला, बँडेजची गाठ दातांत धरून सोडली आणि उजवा हात तिच्यापुढे ठेवला.

"ओरडलो, शिव्या दिल्या, तरी थांबू नकोस."