सुधारलेली जन्मवेळ

१९७७ साली मुंबईच्या प्रयोगशाळेत माझे काम एवढेच होते: औषधाच्या रेणूतला एकेक अणू बदलायचा आणि तो रेणू रोगजंतूच्या प्रथिनात चपखल बसतो का, हे संगणकाकडून तपासून घ्यायचे. जिच्याशी लग्न करायचे होते त्या शरयूची नि माझी पत्रिका जुळली नाही, तेव्हा त्याच संगणकाला भोके पाडलेली पंच कार्डे भरवत मी माझी जन्मवेळ मिनिटामिनिटाने सरकवत गेलो. पहाटे चार सतराला छत्तीसांपैकी बत्तीस गुण जमले.

"लोणंदच्या घरातले घड्याळ तेव्हा मागे होते," असे सांगून मी नवी पत्रिका सांगलीला तिच्या वडिलांपुढे, अण्णांपुढे ठेवली.

गुरुजींनी पुन्हा गुण मोजले. "आता पाचच."

"पाच कसे?" मी चाचरत विचारले.

"हिचीही वेळ कालच बदलली ना. मावशीला एकाएकी आठवली म्हणे."

शरयू खिडकीबाहेर पाहू लागली. अण्णांनी दोन्ही पत्रिका शांतपणे गुंडाळल्या.

"गुरुजी, दोघंही सारखीच लबाड आहेत. याहून चांगली जोडी कुठं मिळायची? मुहूर्त काढा."